रोज संध्याकाळी राउटरचा सीपीयू १०० टक्के: रिस्टार्ट मारण्याआधी काय बघायचं

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यातल्या अभ्यासिकांमधून एकच तक्रार सारखी येते. दिवसभर नेट ठीक चालतं. संध्याकाळी सातच्या सुमारास पानं उघडेनाशी होतात, व्हॉट्सॲपचे संदेश मात्र रखडत का होईना जातात. राउटरमध्ये शिरून पाहिलं तर सीपीयू (राउटरचा प्रोसेसर) ९८, ९९, १०० टक्के भरलेला. कुणीतरी राउटरची पिन काढून परत लावतं, थोडा वेळ सगळं सुरळीत होतं आणि मग पुन्हा तेच. ‘दादा, रिस्टार्ट मारला की चालतं, म्हणजे राउटरच खराब ना?’ असं अभ्यासिकेचे काका विचारतात. पुढच्या आठवड्यात नवा राउटर येतो आणि काही दिवसांनी तोही तसाच वागायला लागतो.

सीपीयू भरलाय म्हणजे राउटरला कुणीतरी काम देतंय. कोण देतंय आणि कसलं काम, एवढंच शोधायचं असतं. त्याचं उत्तर राउटरच्या आतच असतं, पण सीपीयू भरलेला असेल तेव्हाच ते दिसतं. रिस्टार्ट केला की कनेक्शनची यादी रिकामी होते, काउंटर शून्यावर जातात, मेमरीतला लॉग पुसला जातो. तपासाला लागणारं सगळं तेवढ्या एका कृतीने जातं. म्हणून तक्रार चालू असतानाची पहिली दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. तेवढा वेळ मुलांना थांबायला सांगा, पण पिनला हात लावू देऊ नका.

पुढचं सगळं मी मायक्रोटिक कंपनीचा राउटर धरून लिहितोय, कारण अभ्यासिका, वसतिगृहं आणि छोट्या कार्यालयांत मला तोच जास्त भेटतो, त्यातही हेक्स हे पाच पोर्टचं मॉडेल. कारणं मात्र कुठल्याही कंपनीच्या राउटरला लागू पडतात, फक्त मेनूची नावं बदलतात.

आत की बाहेर

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. वाय-फायवरून तपास करू नका, नाहीतर हवेतला गोंधळ आणि राउटरचा गोंधळ एकमेकांत मिसळतो. राउटरच्या आतल्या पत्त्यावर पिंग (‘आहेस का?’ विचारून उत्तराला लागलेला वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. केबलवरून धडधाकट राउटर एका मिलिसेकंदाच्या आसपास उत्तर देतो. सीपीयू भरला की तेच आकडे ५०, २०० अशा उड्या मारतात आणि मधली काही उत्तरं येतच नाहीत.

आता स्विचकडे (सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीकडे) जाणारी केबल राउटरमधून काढा. म्हणजे अभ्यासिकेतली सगळी मुलं, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, कॅमेरे सुटे झाले. राउटरवर उरले फक्त तुम्ही आणि इंटरनेटची लाइन. सीपीयू तरीही चढाच राहिला तर काम बाहेरून येतंय. झटकन खाली आला तर स्रोत आत आहे. तसं असेल तर स्विचची केबल परत लावा आणि इंटरनेटची काढा. बाहेरचा रस्ता बंद करूनही सीपीयू चढा असेल तर बहुधा कुठेतरी लूप (केबलींचं बंद वर्तुळ) आहे.

हा क्रम उलटा करू नका. इंटरनेटची केबल आधी काढली तर पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड देऊन नेटवाल्याशी होणारी जोडणी) तुटतं, परत जोडताना बऱ्याचदा नवा पब्लिक (इंटरनेटवर दिसणारा) पत्ता मिळतो आणि बाहेरून येणारा मारा जुन्याच पत्त्यावर राहून जातो. मग सीपीयू शांत दिसतो आणि कारण हाती लागत नाही. रिस्टार्ट ‘लागू पडतो’ तोही बऱ्याचदा याच कारणाने. राउटर सुधारलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो.

आकडा नीट वाचा

सिस्टिम मेनूतल्या रिसोर्सेसमध्ये दिसणारी टक्केवारी ही सगळ्या कोरची (प्रोसेसरच्या स्वतंत्र भागांची) सरासरी असते. हेक्सच्या आरबी ७५०जीआर३ या मॉडेलमध्ये ८८० मेगाहर्ट्झचा, दोन कोर आणि चार थ्रेडचा प्रोसेसर आहे; राउटर-ओएसला (मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीला) तो चार सीपीयू म्हणून दिसतो. त्यातला एकच पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले तर वर २५ टक्के दिसतात, नेट मात्र रडत असतं. म्हणून प्रत्येक कोरचा आकडा वेगळा बघायचा. ‘सीपीयू तर फक्त ३० टक्के आहे, राउटरचा प्रश्न नाही’ असं म्हणून लोक भलतीकडे शोधत बसलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, राउटर मेगाबिटने दमत नाही, पॅकेटच्या (डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या) संख्येने दमतो. प्रत्येक पॅकेटमागे त्याला रूट (पुढचा मार्ग) शोधायचा, कनेक्शन ओळखायचं, फायरवॉलचे (काय सोडायचं, काय अडवायचं याचे) नियम तपासायचे. पॅकेट मोठं की छोटं याने या कामात फारसा फरक पडत नाही. १०० मेगाबिटच्या लाइनवर पूर्ण आकाराची पॅकेट्स वाहत असतील तर ती सेकंदाला साधारण ८,१०० होतात. त्याच १०० मेगाबिटमध्ये सगळ्यात छोटी, ६४ बाइटची पॅकेट्स भरली तर ती होतात सुमारे १,४८,८००. लाइन तेवढीच, काम अठरापट. त्यामुळे इंटरफेसच्या यादीत मेगाबिटच्या शेजारी असलेला पॅकेट प्रति सेकंदाचा रकाना आधी बघा. मेगाबिट कमी आणि पॅकेट्स भरमसाट असतील तर तो व्हिडिओ बघणाऱ्या मुलांचा ट्रॅफिक नाही.

मग टूल्स मेनूतलं प्रोफाइल उघडा आणि सगळे कोर निवडा. सीपीयूचा वेळ कुठे जातोय ते इथे नावानिशी दिसतं: फायरवॉल, क्यूइंग (वेगाची वाटणी), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणं), नेटवर्किंग, इथरनेट, ब्रिजिंग, लेयर ७, एन्क्रिप्टिंग, मॅनेजमेंट वगैरे. पुढचा सगळा तपास या यादीत वर काय आहे त्यावर ठरतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवाच. शक्य असेल तर सकाळी मुलं कमी असतानाही एक काढा. तुलनेला काही असलं की अर्धं काम होतं. एक लक्षात असू द्या: विनबॉक्सच्या (मायक्रोटिकचं सेटिंग करायच्या प्रोग्रामच्या) उघड्या खिडक्या आणि टॉर्चसारखी (चालू ट्रॅफिक दाखवणारी) साधनं स्वतःही सीपीयू खातात. टॉर्च चालू ठेवून सीपीयू मोजू नका.

प्रोफाइलमध्ये डीएनएस वर असेल तर

हे कारण मला इतक्या वेळा भेटलंय की मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

आयपी मेनूतल्या डीएनएसमध्ये ‘अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स’ अशी खूण असते. ती असली की अभ्यासिकेतले मोबाइल-लॅपटॉप राउटरलाच नावांचे पत्ते विचारू शकतात, आणि ते सोयीचं असतं. पण ही खूण आतले आणि बाहेरचे असा भेद करत नाही. बाहेरच्या बाजूला फायरवॉल नसेल तर जगातलं कुणीही तुमच्या राउटरला प्रश्न विचारू शकतं. असे उघडे राउटर शोधणारी यंत्रं इंटरनेटवर अखंड फिरत असतात; त्यांना तुमचा पत्ता सापडायला फार वेळ लागत नाही.

पुढे काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. हल्लेखोर छोटासा प्रश्न पाठवतो, पण पाठवणाऱ्याच्या जागी ज्याला त्रास द्यायचा त्याचा पत्ता घालतो. यूडीपीत, म्हणजे आधी जोडणी न करता थेट पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीत, ही फसवणूक पकडली जात नाही. तुमचा राउटर इमानेइतबारे मोठंच्या मोठं उत्तर त्या निरपराध पत्त्यावर पाठवतो. डीएनएसच्या या प्रकारात उत्तर प्रश्नाच्या २८ ते ५४ पट होऊ शकतं. तुमचं नेट तर मंदावतंच, शिवाय दुसऱ्या कुणावर तरी तुमच्या लाइनवरून मारा चाललेला असतो. ही दुसरी बाजू मला जास्त गंभीर वाटते, म्हणूनच हे ‘जमेल तेव्हा करू’ म्हणून सोडून देऊ नका.

ओळखायची खूण सोपी आहे. खुर्च्या रिकाम्या असतानाही अपलोड चढलेला दिसतो. फायरवॉलच्या कनेक्शन्समध्ये ५३ नंबरच्या पोर्टवर (हा डीएनएसचा ठरलेला क्रमांक, केबलचा पोर्ट नव्हे), बाहेरच्या पत्त्यांकडून तुमच्या पब्लिक पत्त्याकडे आलेल्या नोंदींची रांग लागलेली असते. डीएनएसच्या कॅशेमध्ये कुणीही उघडणार नाही अशी विचित्र नावं सापडतात.

उपाय इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांत) करायचा: बाहेरून येणारे ५३ पोर्टचे यूडीपी आणि टीसीपी (आधी जोडणी करणारी पद्धत) दोन्ही ड्रॉप, म्हणजे टाकून द्यायचे. त्याहून चांगलं म्हणजे आतल्या इंटरफेसवरून न आलेलं सगळंच इनपुटमध्ये ड्रॉप, अर्थात चालू कनेक्शन्सना परवानगी देणारा नियम त्याच्या वर ठेवून. हेक्ससारख्या घरगुती राउटरच्या मूळ सेटिंगमध्ये हा नियम असतोच. कुणीतरी ‘सगळं साफ करून नव्याने’ सेटिंग केलेलं असतं, त्यात तो उडालेला असतो.

इथे एक खड्डा आहे. नियम लिहिताना लोक ‘बाहेरची बाजू’ म्हणून पहिला इथरनेट पोर्ट निवडतात, कारण केबल तिथे लागलेली दिसते. पण पीपीपीओईच्या लाइनवर राउटरच्या दृष्टीने बाहेरची बाजू म्हणजे पीपीपीओई-आउट हा इंटरफेस. पॅकेट आत शिरतं ते त्या नावाने. पहिल्या पोर्टवर लिहिलेला नियम कायम शून्यावर बसून राहतो आणि मालकाला वाटतं की बंदोबस्त झाला. नियम लिहिल्यावर त्याच्या समोरचा पॅकेटचा काउंटर वाढतोय का, हे बघितल्याशिवाय उठू नका.

नियम लागला तरी मारा लगेच थांबत नाही. प्रश्न येतच राहतात, फक्त उत्तर जात नाही. तेवढ्यानेही सीपीयू चढा राहत असेल तर तोच ड्रॉप रॉ टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये लावा. राउटर-ओएस ६.३६ पासून ही सोय आहे. तिथे पॅकेट कनेक्शन ट्रॅकिंगच्या (कुठलं पॅकेट कुठल्या कनेक्शनचं या नोंदीच्या) आधीच टाकलं जातं, म्हणून स्वस्तात निघतं. आलेले पत्ते गोळा करून ब्लॅकलिस्ट बनवण्याच्या मात्र नादी लागू नका. ते पत्ते हल्लेखोराचे नाहीत, मार खाणाऱ्यांचे आहेत, आणि हजारो नोंदींची यादी सांभाळण्याचा भार परत तुमच्याच राउटरवर पडतो.

तुमच्या पीपीपीओईला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक नॅटमागे (अनेकांना मिळून एक पब्लिक पत्ता देणाऱ्या सोयीमागे) आहात. इंटरनेटवरून थेट तुमच्यापर्यंत असा मारा येत नाही, तेव्हा हे कारण यादीत खाली ढकला. फायरवॉल तरीही लावाच.

एकाच पत्त्यावरून हजारो कनेक्शन

स्विच सुटा केल्यावर सीपीयू उतरला आणि प्रोफाइलमध्ये फायरवॉल किंवा नेटवर्किंग वर असेल, तर कनेक्शन्सची यादी आतल्या पत्त्यानुसार लावून बघा. साधा मोबाइल काही डझन कनेक्शन उघडतो, फार तर शे-दोनशे. एखाद्याच पत्त्याची दोन-तीन हजार दिसली तर तिथे थांबा.

तो कुणाचा लॅपटॉप असेल तर बहुधा टॉरेंट (एकाच वेळी अनेकांकडून फाइल उतरवणं). प्रत्येक पत्त्याला कनेक्शनची मर्यादा घालणारा एक नियम लिहिला की प्रश्न मिटतो. त्या मुलाशी शांतपणे बोललंत तर आणखी लवकर मिटतो.

तो पत्ता कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या पेटीचा) असेल तर मात्र नीट लक्ष द्या. अभ्यासिकेत, सोसायटीत, दुकानात डीव्हीआर एकदा भिंतीला लागला की वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. पासवर्ड कारखान्यातून आलेलाच. २०१६ मध्ये गाजलेला मिराई हा विषाणू नेमका अशाच उपकरणांवर पसरला. लागण झालेला डीव्हीआर २३ आणि २३२३ या पोर्टवर जगभरच्या पत्त्यांना ठोठावत सुटतो. कनेक्शनच्या यादीत एकाच पत्त्याकडून शेकडो वेगवेगळ्या पत्त्यांकडे, सगळी अर्धवट अवस्थेतली, २३ पोर्टची नोंद दिसली की समजायचं. मिराई मेमरीतच राहतो, त्यामुळे डीव्हीआर बंद-चालू केला की जातो. पण पासवर्ड तोच असेल आणि बाहेरून पोर्ट उघडा असेल तर बघता बघता पुन्हा येतो. ‘रोज संध्याकाळी’ हा नियम अशा वेळी मोडतो. दिवसाच्या कुठल्याही वेळी सीपीयू चढलेला सापडतो.

पासवर्ड बदला, फर्मवेअर नवं घाला, डीव्हीआरकडे जाणारं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोचायची वाट) काढून टाका. घरून कॅमेरे बघायचे असतील तर व्हीपीएनने बघा. जुन्या डीव्हीआरला फर्मवेअर मिळतच नसेल तर त्याला इंटरनेट देऊ नका. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही.

नियमांचं ओझं

आता ज्या अभ्यासिकांत बाहेरून मारा नाही, आत विषाणू नाही, तरीही गर्दीच्या वेळी सीपीयू भरतो, त्यांच्याबद्दल. इथे बहुतेकदा सेटिंगच जड झालेलं असतं.

फिल्टरचे नियम वरून खाली तपासले जातात. चालू कनेक्शनच्या पॅकेटला परवानगी देणारा नियम सगळ्यात वर हवा, कारण जवळजवळ सगळी पॅकेट्स त्याच प्रकारची असतात. तो चाळिसाव्या क्रमांकावर असेल तर प्रत्येक पॅकेट आधीचे एकोणचाळीस नियम उगाच पार करतं. तो वर ओढून आणा. सीपीयू तिथल्या तिथे उतरलेला दिसतो.

लेयर ७ चे नियम हा दुसरा जड प्रकार. यूट्यूब किंवा फेसबुक बंद करायला कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून घेतलेले असतात. असा नियम प्रत्येक कनेक्शनची पहिली १० पॅकेट्स किंवा साधारण २ किलोबाइट मजकूर साठवून त्यात नमुना शोधतो. आजच्या कूटबद्ध ट्रॅफिकमध्ये त्याला फारसं काही सापडत नाही, मेहनत मात्र पूर्ण लागते. माझं स्पष्ट मत आहे की हे नियम काढूनच टाकावेत. एमपीएससी करणारी कितीतरी मुलं व्याख्यानं यूट्यूबवरच ऐकतात. अभ्यासिकेत ते बंद करण्यात काय हशील आहे?

तिसरी गोष्ट फास्टट्रॅकची, आणि इथे विचारपूर्वक निवड करावी लागते. ६.२९ या आवृत्तीपासून आलेली ही सोय चालू कनेक्शनची पॅकेट्स फायरवॉल आणि क्यूच्या बहुतेक टप्प्यांवरून पुढे काढते. हेक्ससारख्या राउटरवर त्याने प्रचंड फरक पडतो. पण फास्टट्रॅक लावलेलं पॅकेट सिंपल क्यूमधून (वेगाला मर्यादा घालणाऱ्या नियमातून) जातच नाही. म्हणजे प्रत्येक मुलाला ४ मेगाबिटची मर्यादा घातली असेल तर ती मर्यादा गुपचूप संपते. ‘फास्टट्रॅक लावला, सीपीयू १५ वर आला, पण आता दोन मुलंच सगळं नेट खातात’ ही तक्रार तिथूनच येते.

मग काय करायचं? लाइन भरपूर मोठी असेल तर वाटणीची गरजच कमी. फास्टट्रॅक ठेवा आणि मर्यादा ॲक्सेस पॉइंटवर घाला, बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये ती सोय असते. लाइन छोटी असेल तर वाटणी महत्त्वाची; फास्टट्रॅक सोडा, पण खुर्चीगणिक एक अशा शंभर-दीडशे सिंपल क्यू लिहिण्याऐवजी पीसीक्यूची एकच क्यू वापरा. ती आपणहून पत्त्यांनुसार वाटणी करते आणि नवा मुलगा आला की काही लिहावं लागत नाही. १०० मेगाबिटच्या आसपासच्या लाइनवर मी हेच करतो.

राउटर-ओएस ६ वरून ७ वर गेल्यावर सीपीयू वाढला असेल तर तो भास नाही. ७ मध्ये जुना रूट कॅशे (आधी शोधलेल्या मार्गांची साठवण) नाही, त्यामुळे फास्टट्रॅक नसलेल्या राउटरला तेच काम जास्त पडतं.

लूप

ॲक्सेस पॉइंट हलवताना, रंगकाम झाल्यावर किंवा टेबलं सरकवल्यावर एखाद्या पॅच कॉर्डचं मोकळं टोक ‘निघालंय वाटतं’ म्हणून कुणीतरी स्विचमध्ये खुपसतं, आणि दुसरं टोक आधीच त्याच नेटवर्कमध्ये असतं. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. ब्रॉडकास्टची (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली) एक फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती निघतात आणि क्षणार्धात सगळं नेटवर्क भरून जातं. स्विचचे सगळे दिवे एकाच तालावर वेड्यासारखे लुकलुकतात आणि प्रोफाइलमध्ये ब्रिजिंग किंवा इथरनेट वर येतं.

शोधायचं कसं, तर स्विचमधली एकेक केबल काढत जायचं; जी काढल्यावर दिवे शांत होतात ती केबल धरून पुढे चालत जायचं. सापडल्यावर दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. मायक्रोटिकच्या ब्रिजवर (आतले पोर्ट एकत्र जोडणाऱ्या सेटिंगवर) आरएसटीपी (लूप ओळखून एक वाट बंद करणारी सोय) चालू आहे ना ते बघा आणि पोर्टवर लूप प्रोटेक्ट लावा. साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचच्या आतच दोन पोर्ट जोडले गेले असतील तर आरएसटीपी तो लूप तोडू शकत नाही. लूप प्रोटेक्ट मात्र त्या स्विचकडचा पोर्ट बंद करतं आणि बाकीची अभ्यासिका वाचते.

कार्यालयं आणि कारखाने

हिंजवडी-बाणेरकडच्या कार्यालयांत लीज लाइनसोबत आठ पब्लिक पत्त्यांचा गट मिळतो. तो गट नेटवाल्याने तुमच्या राउटरकडे रूट केलेला असेल आणि त्यातले दोनच वापरात असतील, तर उरलेल्या पत्त्यांकडे आलेलं पॅकेट तुमचा राउटर डीफॉल्ट रूटने (बाकी सगळ्यासाठी ठरलेल्या मार्गाने) परत नेटवाल्याकडे धाडतो, तो पुन्हा तुमच्याकडे. टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची संख्या) संपेपर्यंत हा चेंडू फिरतो. आत येताना टीटीएल ५० उरला असेल तर एकच पॅकेट तुमच्या राउटरमधून पंचवीसेक वेळा जातं. पूर्ण गटासाठी एक ब्लॅकहोल रूट (पॅकेट तिथेच टाकून देणारा) टाका. वापरातल्या पत्त्यांचे नेमके रूट त्याच्याआधी लागू होतात, तेव्हा त्यांना धक्का लागत नाही.

भोसरी-चाकणकडच्या जुन्या कारखान्यांत सिस्को कंपनीचा राउटर भेटतो. तिथे ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ चालवलं की पहिल्याच ओळीत ९७ टक्के तिरकी रेघ ८५ टक्के असे दोन आकडे दिसतात. पहिला एकूण, दुसरा इंटरप्टचा, म्हणजे पॅकेट पुढे ढकलण्यात गेलेला. दुसरा मोठा असेल तर ट्रॅफिकच जास्त आहे. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर खालच्या यादीत एखादी प्रक्रिया वर आलेली असते. ती ‘एआरपी इनपुट’ असेल तर आधी डीफॉल्ट रूट बघा. त्यात पुढच्या राउटरच्या पत्त्याऐवजी नुसतं इथरनेट इंटरफेसचं नाव लिहिलेलं असेल तर राउटरला सगळं जग त्या तारेवरच बसलंय असं वाटतं आणि तो प्रत्येक पत्त्यासाठी एआरपी (‘हा पत्ता तारेवरच्या कुठल्या यंत्राचा?’) विचारत सुटतो. पुढच्या राउटरचा पत्ता लिहा, झालं. ‘आयपी इनपुट’ वर असेल तर लॉग लावलेल्या ॲक्सेस लिस्ट (काय सोडायचं-अडवायचं याच्या याद्या) तपासा. ‘लॉग’ हा एक शब्द पॅकेट्सना वेगवान मार्गावरून खाली उतरवतो.

गुरुवारी दुपारनंतरच त्रास होतो असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानून बघा. पुण्यात विजेच्या देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. वीज परत आली की ज्या सोसायटीत किंवा वसतिगृहात स्वतःचा पीपीपीओई सर्व्हर आहे, तिथे सगळे एकदम डायल करतात. त्यातच नॅटला मास्करेड (लाइनचा त्या वेळचा पत्ता आपणहून वापरणारा प्रकार) लावलेलं असेल आणि लाइन हेलकावे खात असेल, तर प्रत्येक वेळी तुटल्यावर राउटर त्या लाइनच्या कनेक्शनच्या सगळ्या नोंदी शोधून पुसतो आणि सीपीयू भरतो. स्थिर पब्लिक पत्ता असेल तिथे मास्करेडऐवजी सोर्स नॅट (पत्ता नेमका लिहून दिलेला प्रकार) वापरा.

राउटरच दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल तर

सीव्हीई २०१८-१४८४७ या क्रमांकाने ओळखली जाणारी विनबॉक्सची त्रुटी एप्रिल २०१८ मध्ये ६.४२.१ आवृत्तीत दुरुस्त झाली. तिच्यामुळे पासवर्ड बाहेरून वाचता येत होते. त्याआधीची आवृत्ती चालू असलेला आणि विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट बाहेर उघडा असलेला राउटर आजही सापडतो. सॉक्स (दुसऱ्याचं ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून नेणारी सोय) चालू आहे का, तशाच कामाचा वेब प्रॉक्सी कुणी लावलाय का, शेड्यूलरमध्ये आणि स्क्रिप्ट्समध्ये अनोळखी नोंदी आहेत का, यूजर्समध्ये परकं नाव आहे का, एवढं बघा. यातलं एक जरी सापडलं तरी नुसती नोंद पुसून समाधान मानू नका. नेटइन्स्टॉलने (राउटर-ओएस पूर्ण नव्याने घालणाऱ्या मायक्रोटिकच्या साधनाने) राउटर कोरा करा, सेटिंग हाताने नव्याने लिहा, सगळे पासवर्ड बदला. जुना बॅकअप परत घालू नका; त्याच्याबरोबर तो पाहुणाही परत येऊ शकतो.

नवा राउटर कधी घ्यायचा

वरचं सगळं तपासून झालंय, फास्टट्रॅक लागलाय किंवा तो का लावता येत नाही हे ठाऊक आहे, प्रोफाइलमध्ये एखादं नाव एकटंच वर नाही, चारही कोर सारखे भरलेत आणि त्याच वेळी लाइनही तुमच्या प्लॅनच्या वेगाला टेकली आहे: तेव्हाच राउटर खरोखर अपुरा पडतोय. २०१६ च्या सुमाराच्या हेक्सवर क्यू लावून ५०० मेगाबिट आणि शंभरावर मुलं अशी अपेक्षा ठेवली तर तो बिचारा कुठवर पुरेल? अशा वेळी मोठ्या क्षमतेचा घ्या, आणि घेताना कंपनीच्या तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघू नका. २५ फिल्टर नियम किंवा २५ सिंपल क्यू असतानाची ओळ बघा, आणि तीही छोट्या पॅकेटची. तुमचा वापर त्याच्याच जास्त जवळ असतो.

माळ्यावर, बंद पेटीत ठेवलेला राउटर मे महिन्यात हाताला चटका देतो, म्हणून उष्णतेने सीपीयू चढतो असा समज आहे. बहुतेकदा उलट असतं: काम जास्त म्हणून तो तापलेला असतो. हवा येईल असा ठेवाच, पण तपास तिथे संपवू नका.

शेवटची दोन कामं. कुणीतरी शेड्यूलरमध्ये रोज पहाटे रिस्टार्ट लावून ठेवला असेल तर तो काढा, नाहीतर प्रश्न परत उगवला तरी कळणार नाही. आणि टूल्समधलं ग्राफिंग चालू करून सीपीयू आणि इंटरफेस दोन्हीचे आलेख नोंदवायला लावा. ते पान फक्त आतल्या पत्त्यांना दिसेल असं ठेवा. पुढच्या वेळी काकांचा फोन आला की नेमक्या किती वाजता चढला, त्या वेळी अपलोड वाढला होता की डाउनलोड, हे फोनवरच विचारता येतं आणि नेटवाल्याकडे तक्रार करायची झाली तर वेळेसकट करता येते.